खरमाटे सर आणि बोधयंत्र

या, जरा पुढे सरकून बसा. कीर्तनात मागे बसणाऱ्याला नुसते टाळ ऐकू येतात, कथा निसटते. आजची कथा आहे एका यंत्राची आणि त्यावर जळणाऱ्या एका भल्या माणसाची.

आंबेदरीच्या माध्यमिक शाळेत खरमाटे सर एकटेच गणित, विज्ञान आणि वेळ पडली तर भूगोलही शिकवत. जिल्ह्याने शाळाशाळांत शिकवणारी, विचारले त्याचे उत्तर देणारी बोधयंत्रे बसवली आणि पोरे तास संपला तरी त्याच्यापुढून उठेनात. मुले ज्याला जास्त प्रश्न विचारतील, विषय त्याच्याकडे राहणार होता. सर मागे पडले तर अतिरिक्त ठरून दुसऱ्या तालुक्यात बदली. अठरा वर्षांत त्यांनी कोणाचा हेवा केला नव्हता. आता भिंतीपलीकडून हशा आला की हातातला खडू मोडायचा.

देखभालीला आलेल्या तांबट मॅडमना त्यांनी विचारलेच, "याला एवढं येतं कुठून?"

"त्याला स्वतःचं काही येत नाही, सर. प्रत्येक वर्गात श्रवणक आहे, बोलणं टिपणारा, तुमच्याही. ज्या बोलण्यानंतर मुलं सर्वांत जास्त प्रश्न विचारतात, ते बोलणं यंत्र उचलतं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळांत बोलतं."

"अर्थ तपासून?"

"छे. फक्त प्रश्न मोजून."

दुसऱ्या तासाला सरांनी घसा खाकरला आणि वर्गाला दटावले, "यंत्राला काही विचारू नका. अडेल ते सरांना विचारा."

लगेच तेजल शेलार उठली. इंद्रधनुष्य गोल असेल तर खालचा अर्धा भाग जातो कुठे? हा प्रश्न तिने यंत्रासाठी राखून ठेवला होता. तिच्यामागे सगळ्यांनीच आपापले साठे उघडले. मधली सुट्टी बुडाली. एकोणसाठ प्रश्न, त्यातल्या तेरांची उत्तरे सरांना येईनात. "उद्या सांगतो," म्हणाले आणि कित्येक वर्षांनी संध्याकाळी पुस्तक उघडून बसले.

सकाळी पलीकडच्या खोलीत बोधयंत्र सुरू झाले. हुबेहूब सरांसारखे खाकरले आणि म्हणाले, "यंत्राला काही विचारू नका. अडेल ते सरांना विचारा."

आठवड्याने मॅडमचा फोन आला. जिल्हाभर पोरे आपापल्या मास्तरांच्या मागे लागली होती, आणि प्रश्न वाढतील तसे यंत्र तेच घोकत होते.

"दुरुस्त करता येईल?" सरांनी चाचरत विचारले.

"येईल. पण माझ्या पुतणीनं काल घरी येऊन पहिल्यांदा तिच्या बाईंचं नाव सांगितलं, सर. राहू दे थोडे दिवस."

देव मत्सरी माणसाच्या हातूनही काम करून घेतो. सरांची जळजळ मात्र तेवढी राहिलीच. आपले खाकरणे तरी यंत्राने उचलायला नको होते, असे सर अजून म्हणतात.

आता उठण्याआधी एक करा. शाळेत एखादा प्रश्न विचारायचा राहून गेला असेल, तर तो ज्यांना विचारायचा होता त्या बाईंची, त्या सरांची आज आठवण काढा.