चार दिवसांनी येतो

घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे आपल्याला कोणी मुद्दाम शिकवत नाही. चारुदत्तकाका पंचेचाळीस वर्षं अमेरिकेत राहिले, बेलव्ह्यूत इंजिनिअर म्हणून रिटायर झाले, तरी ही खोड गेली नाही. निरोप घेताना ते इंग्रजीतही ‘आय विल कम’ म्हणत आणि समोरचा अमेरिकन बुचकळ्यात पडे. नीलाकाकूंचंही तेच. मार्चमध्ये त्यांची बायपास झाली, तेव्हा स्ट्रेचरवरून आत जाताना त्या ‘येते हं’ म्हणाल्या होत्या. सहा तास काका त्या दोन शब्दांना धरून बसले. काकू आल्या. तेव्हापासून त्या काठी घेऊन चालत आणि काका त्यांना नजरेआड होऊ देत नसत.

ऑगस्टमध्ये दोघं मुलाकडे, वेदकडे, मोंटानाला निघाले. डिकीत त्याच्यासाठी कुकर आणि चकल्यांचा डबा. वाटेत जुन्या शोधमोहिमांची माहिती देणाऱ्या पाट्या दिसल्या की गाडी थांबवून फोटो काढायचा, हा काकांचा रिकामपणचा उद्योग. फोटो आधी, वाचन मुक्कामाला पोचल्यावर.

वाटेतल्या एका खिंडीत पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. कुठेतरी वणवा पेटला होता आणि धुराने ऊन कोऱ्या चहासारखं दिसत होतं. एकही पाखरू बोलत नव्हतं. काकूंना गाडीतच डुलकी लागली होती. काकांनी पाटीचा फोटो काढला आणि पाहिलं, तर पलीकडच्या ओंडक्यावर एक माणूस बसलेला. कातडी सदरा, वाढलेली दाढी, ओल्या चामड्याचा वास. उन्हाळ्यात हौशी लोक असे जुने पोशाख करून बसतात, म्हणून काकांना नवल वाटलं नाही. त्यांनी त्याला चकली दिली. त्याने ती खाल्ली नाही, नुसती शेजारी ठेवली. त्याच्या मांडीवर खाचा पाडलेली एक काठी होती.

“एकटेच?” काकांनी इंग्रजीत विचारलं.

“बाकीचे पुढे गेलेत.”

काका निघाले आणि सवयीने म्हणाले, “ओके देन... आय विल कम.”

त्या माणसाने झटकन मान वर केली. “केव्हा?”

काका हसले. परतीचा रस्ता तोच होता. “चार दिवसांनी.”

त्याने सुरी काढली आणि काठीवर एक नवी खाच पाडली.

वेदच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर काकांनी पाटी वाचली. पश्चिमेकडची वाट शोधत निघालेल्या एका तुकडीतला शिकारी तिथे आजारी पडला होता. चार दिवसांत येतो, असं सांगून तुकडी पुढे गेली. कोणी आलं नाही. पुढच्या वर्षी सापडली ती नुसती काठी, तिच्यावर एकेचाळीस खाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या कमरेच्या पट्ट्यावर एक आडवी चीर होती. त्यानंतरच्या दिवशी दोन, मग तीन.

“बाबा, कॉस्च्युममधला कुणीतरी असेल, रिलॅक्स,” वेद म्हणाला. “आणि पट्टा जुना झालाय. मी नवा घेऊन देतो.”

काकांनी मात्र मनाशी ठरवलं की दिलेला शब्द तोंडावर जाऊन परत घ्यायचा. काकूंना काही सांगितलं नाही. तिच्या हृदयाला कशाला त्रास, असा विचार केला, आणि तिथेच चुकले.

चौथ्या दिवशी परतताना खिंडीत तो माणूस ओंडक्यावरून उठून उभाच होता. “आय ॲम नॉट कमिंग,” काका म्हणाले. मग खात्री असावी म्हणून, सत्तर वर्षांत न उच्चारलेला शब्दही त्यांनी उच्चारला. “जातो मी.”

त्याने शांतपणे ऐकलं आणि सुरी म्यानात घातली. काकांचा जीव भांड्यात पडला. पण त्या माणसाची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली होती.

मागे गाडीची काच खाली होती. काकू हात हलवत होत्या.

“ओके हं... आय विल कम.”

काका धावत गाडीपाशी गेले. “नीला, काय म्हणालीस तू त्याला?”

“काय म्हणणार? नेहमीचंच. बिचाऱ्याने हात केला, मग काय तोंड फिरवायचं?”

काका परत फिरले, तर ओंडका रिकामा होता. चार दिवसांपूर्वीची चकली त्याच्यावर तशीच पडली होती. तिला मुंगीसुद्धा लागली नव्हती.

बेलव्ह्यूला आल्यावर पट्ट्यावर नवी चीर उमटली नाही. काकूंच्या काठीवर मात्र, मुठीच्या खाली, एक खाच होती. मग दोन झाल्या. तिसरी दिसली तेव्हा काकांनी रडत रडत सगळं सांगून टाकलं. काकूंनी त्या खाचांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “एकेचाळीस दिवस वाट बघत बसला होता का हो तो...?”

चौथ्या दिवशी काकांनी दारं-खिडक्या आतून लावल्या, गाडीची किल्ली खिशात ठेवली आणि काकूंसमोर खुर्ची टाकून बसले. अकराच्या सुमाराला दूध उतू गेल्याचा वास आला. गॅस बंद करायला ते उठले, तेवढंच. पाठीमागून हलकेच आवाज आला.

“येते हं.”

ते वळले. कड्या जशाच्या तशा लावलेल्या होत्या. काठी भिंतीला टेकवलेली होती, आणि खोलीत ओल्या चामड्याचा वास येत होता.

वेद आला, पोलीस आले, खिंडीपर्यंत सगळीकडे शोधून झालं. आता शेजारची नेत्रा रोज डबा आणून देते. काका दाराशी बसलेले असतात, मांडीवर ती काठी आणि हातात भाजीची सुरी. नीला शब्दाची पक्की आहे, एवढंच ते सांगतात.

परवा रिकामा डबा उचलून निघताना नेत्रा सवयीने म्हणाली, “येते हं काका.”

काकांनी झटकन मान वर केली.

“केव्हा?”