रांगेतला पहिला दगड

"इंद्रजीत, इकडे ये! हे अजून ओलं आहे!"

स्वराली जीपच्या पुढच्या चाकाशी उकिडवी बसली होती. मे महिन्यात सांडलेलं पाणी बघता बघता नाहीसं होतं, आणि हा कालचा डाग आज सकाळीही तस्साच!

"पाणी असेल," शेजारचा इंद्रजीत म्हणाला.

"आपल्या गल्लीत पाणी गळतंय आणि त्याखाली कुणी बादली लावली नाही?"

हे मात्र इंद्रजीतला पटलं. तीन वर्षं पावसाने पाठ फिरवली होती. शहर वाढत वाढत पुंडलिकनगरच्या पार पलीकडे पोचलं, पण या उताराच्या गल्लीत नळ काही पोचला नाही. टँकर मनाला येईल तेव्हा यायचा. त्याच्या गळक्या तोटीखालीसुद्धा लोक वाटी धरायचे!

स्वरालीने बोट टेकवून वास घेतला. बुळबुळीत, उग्र.

"काल वैजनाथकाकांनी ब्रेकची नळी दुरुस्त केली ना? बाटलीतून तेल ओतलं, त्याचा असाच वास होता!"

वैजनाथकाका म्हणजे जीपचे मालक, आणि स्वयंघोषित कारागीर. गल्लीतली प्रत्येक गळकी तोटी त्यांनीच पांढरी टेप गुंडाळून बंद केली होती. चितेगावच्या खडीच्या रस्त्यावर दगड उडून जीपच्या ब्रेकची नळी चेपली आणि तिच्या नटाचे आटे गेले, तेव्हा काकांनी गॅरेज गाठलं नाही. तीच पांढरी टेप काढली, गल्लीतच जीपखाली शिरले आणि म्हणाले, "गळती ती गळती! नळाची काय अन् गाडीची काय!"

आज त्याच जीपमधून ते मुलांना म्हैसमाळला नेणार होते. घाट चढून, आणि घाट उतरून!

मागच्या सीटवर तिचा धाकटा भाऊ चिन्मय केव्हाचा जागा धरून बसला होता. आई-बाबा लग्नासाठी सिल्लोडला गेले होते. जाताना आईने दोनदा बजावलं होतं, "चिन्मयला जप गं."

तेवढ्यात काका टोपी घालून बाहेर आले.

"काका, ब्रेकचं तेल गळतंय!"

"अगं, काल ओतताना सांडलं असेल."

"बॉनेट उघडून तेलाची डबी बघा ना! काल काठोकाठ भरली होती तुम्ही."

"बाईसाहेब, तुमच्या जन्माआधीपासून मी गाडी चालवतोय! चला, बसा. ऊन चढायच्या आत निघायचंय."

काका जीपमध्ये चढले. स्वरालीला घाटातली वळणं दिसायला लागली. खाली दरी, आणि चिन्मयचा छोटासा चेहरा. ती इंद्रजीतला बाजूला घेऊन पुटपुटली, "सगळे धावले, की चाकापुढे दगड टाक."

"कुठे धावले?"

तिला जे करायचं होतं, त्याला गल्लीत क्षमा नव्हती. पाण्याच्या रांगेत प्रत्येक घराचा एक दगड असे, रंगाने नाव घातलेला. पहिला दगड कायम आवडाबाईंचा, आणि कायदाही त्यांचाच! पाण्यावरून जो खोटं बोलेल, त्याचा दगड रांगेबाहेर. मग त्या घराने प्यायचं काय?

स्वरालीने डोळे घट्ट मिटले आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "टँकर आलाऽऽ!"

एकच धांदल उडाली! हंडे, कळश्या, पिंपं, सगळी गल्ली उताराच्या खालच्या टोकाकडे पळाली. काकासुद्धा हँडब्रेक ओढून, दोन बादल्या उचलून धावले! सवयच तशी. इंद्रजीतने जीपशेजारच्या रांगेतला सर्वांत मोठा दगड उचलला आणि पुढच्या एका चाकापुढे सरकवला. दुसरा दुसऱ्या चाकापुढे.

टोकाला टँकर नव्हता. रिकामे हंडे घेऊन माणसं परत फिरली, आणि आवडाबाई जीपच्या तोंडापुढेच कमरेवर हंडा टेकवून उभ्या राहिल्या.

"कोण वरडलं गं? तू? पान्याची मस्करी करती व्हय? तुमचा दगड आजपासून भाईर!"

"मावशी, मस्करी नाही. ब्रेक खराब आहे, काका ऐकतच नव्हते!" स्वरालीला रडू फुटलं.

काकांचा चेहरा लाल झाला. "चारचौघांत माझी शोभा करतेस? थांब, दाखवतोच!" ते तावातावाने जीपमध्ये चढले. "हा बघ, हँडब्रेक सोडला. उतारावर गाडी नुसत्या पायाच्या ब्रेकवर उभी आहे! एकदा दाबला. दोनदा दाबला. तीन..."

फस्स!

काकांचा पाय थेट तळाला टेकला. जीप हलली!

"चिन्मय!" स्वराली किंचाळली. आवडाबाई हंडा टाकून मागे सरल्या आणि पाय अडखळून खाली बसल्या. काका पाय आपटत राहिले, हँडब्रेक त्यांना आठवेचना! जीप वीतभर पुढे आली. मग धाडकन दगडांवर आदळली, किंचित चढली आणि थांबली.

कुठेतरी एक रिकामी कळशी उतारावरून गडगडत गेली. स्वरालीने चिन्मयला खाली ओढलं आणि असं कवटाळलं, की तो म्हणाला, "ताई, श्वास!"

काका खाली उतरून जीपखाली वाकले. जमिनीवर तेलाची धार लागली होती, आणि त्यात पांढऱ्या टेपची चिंधी लोंबत होती.

दुपारी गॅरेजमधून सांडूमामा आले. नळी काढून बघत म्हणाले, "ही टेपनं नाय थांबत, साहेब. नळीचं तोंडच घट्ट बसाया लागतं. नवीन नळी, नवीन नट." काकांनी मान डोलावली. एरवी एका वाक्याला चार वाक्यं देणारा माणूस!

मग ते स्वरालीसमोर आले. "घाटात असतो तर..." त्यांनी टोपी काढली. "तू ओरडलीस म्हणून ही पोरं आहेत. आणि इंद्रजीत, शाब्बास रे! आता सांडूमामा सांगतील तेव्हाच जीप हलेल."

संध्याकाळी खराच टँकर आला. स्वराली रिकामी घागर घेऊन लांबच उभी राहिली. तिच्या घराचा दगड रांगेबाहेर, धुळीत पडला होता.

आवडाबाई आल्या. जीपपुढचा तो मोठा दगड त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. त्यावर टायरचा काळा वळ उमटला होता आणि त्याखाली निळ्या रंगात त्यांचंच नाव होतं. त्यांनी तो रांगेत नेऊन ठेवला, पण पहिल्या नाही, दुसऱ्या नंबरवर. मग धुळीतला दगड पदराने पुसून त्याच्या पुढे मांडला.

"बघती काय पोरी? लाव घागर! आज पयला नंबर तुझा."