टॉलिव्हर नंबर एक

एकोणीस घड्याळांत आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. धम्मदीनाच्या फोनमध्ये नऊ वाजून पाच.

तिला आधी हसूच आलं. सप्टेंबरचा शेवटचा रविवार. रात्रीतून सगळ्या न्यूझीलंडची घड्याळं एक तास पुढे गेली होती आणि यादवरावकाकांनी अजून आपल्या लाडक्यांना हात लावला नव्हता. दरवर्षी या दिवशी ते चहाच्याही आधी एकेक घड्याळ पुढे करत. "काका, झोपलात की काय?" असं म्हणत ती अवोन्डेलच्या बाजारातली मेथीची पिशवी सांभाळत पॅसेजमधल्या काचेच्या कपाटावरून पुढे गेली. बैठकीच्या खोलीत पायाखालचा गालिचा चिकट लागला.

यादवराव गजभिये उताणे पडले होते. कवटीची उजवी बाजू आत गेली होती. शेजारी त्यांच्याच स्वयंपाकघरातला लोखंडी बत्ता होता, त्याला पांढरे केस चिकटलेले. घाव तीन तरी होते. पहिल्यातच काम झालं असणार, बाकीचे नुसते रागाचे. उजव्या हाताची नखं तुटली होती. म्हातारा सुखासुखी मेला नव्हता.

पोलिसांना फोन केल्यावर तिचं लक्ष गेलं. कपाटातला विसावा खण रिकामा होता.

काकांचा संग्रह जगावेगळा होता. स्विस घड्याळ एकही नाही. सगळी कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या कंपन्यांची. आक्राची, लागोसची, लंडनची, अमेरिकेतली. सत्तर वर्षांपूर्वी काकांच्या वडिलांना गावात भररस्त्यात मनगटावरचं घड्याळ उतरवायला लावलं होतं. 'तुझ्या हातात शोभत नाही' म्हणत ते दगडाखाली फोडलं होतं. पुढे डेट्रॉइटच्या टॉलिव्हर नावाच्या कृष्णवर्णीय घड्याळजीची हकीकत काकांनी वाचली. दुकानमालक त्याला गिऱ्हाइकांसमोर येऊ देत नसे, मागच्या खोलीतच दुरुस्तीला बसवी. त्यानं शेवटी स्वतःच्या नावाचं घड्याळ काढलं. ते वाचून काका रडले होते.

पण कौतुक काही दयेपोटी नव्हतं. घड्याळं दुरुस्त करणं हा धम्मदीनाचा धंदा, तरी काका तिच्याच हाती भिंग देत. "काट्याची कड बघ. हातानं घासलीय. एवढा हट्ट कोण करतं आता?"

टॉलिव्हरच्या पहिल्या तीस घड्याळांत एक खोड होती. चावी नुसती ओढून बाहेर येत नसे. आधी पाठीवरची केसाएवढी कळ दाबावी लागे. त्याशिवाय काटे हलवताच येत नसत. काकांकडे त्यातलं पहिलंच होतं, आणि रिकामा खण त्याचाच होता.

दुपारी घड्याळ सापडलं, धम्मदीनाच्या धाकट्या भावाच्या गाडीत. मैत्रेय इलेक्ट्रिशियन. त्याच्या यूटच्या, म्हणजे पिकअप ट्रकच्या, मागच्या हत्यारपेटीत, वायरींच्या खाली. संध्याकाळी त्याला बेड्या पडल्या.

सोमवारी डिटेक्टिव्ह सार्जंट तामाती तिच्या दुकानात आला. माणूस मवाळ बोलायचा, पण प्रश्न सोडायचा नाही.

"किया ओरा," त्यानं माओरीत नमस्कार केला. "शनिवारी पाच वाजता शेजाऱ्यांनी तुमच्या भावाचा आवाज ऐकला. भांडण कशावरून?"

"काका त्याला टॉलिव्हर देत होते. तो नको म्हणाला."

"का?"

"वेळ फोनवर दिसते म्हणाला. काकांना लागलं ते."

"भेट नाकारली, आणि दोन तासांनी, सातच्या सुमारास, तेच घड्याळ खून करून चोरलं?"

"तेच मी तुम्हाला विचारतेय."

तामातीनं टेबलावर फोटो ठेवला. पेटीतलं घड्याळ. कोपऱ्यात कॅमेऱ्यानं छापलेली वेळ होती, रविवार, तीन वाजून दहा. धम्मदीनानं डायलवर भिंग धरलं आणि तिचा हात थांबला. तिथेही तीन वाजून दहाच.

"यावर ठसे?"

"एकही नाही. पुसलंय."

तेवढ्यात चंद्रहास आत आला. पुण्याचा आयटीवाला, पन्नाशीचा, ऑकलंडमधल्या घड्याळप्रेमींच्या ग्रुपचा अध्यक्ष. सांत्वनाला आला होता. डोळे सुजलेले, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद, आणि घड्याळ उजव्या हातात.

तामातीनं त्यालाही सोडलं नाही. "तुम्ही हे घड्याळ बघितलं होतं?"

"काचेतून. चार वर्षं विकत मागतोय. यादवरावांनी एकदासुद्धा हातात दिलं नाही हो."

"शनिवारी संध्याकाळी कुठे होता?"

"घरी. एकटाच. मॅच बघत होतो." मग तो धम्मदीनाकडे वळला. "मैत्रेय असं करेल वाटलं नव्हतं मला."

तो गेल्यावर धम्मदीनानं दुकानाचं दार लावून घेतलं. तिला मैत्रेयचा चेहरा दिसत होता. जन्मभर तुरुंगात जाणार होता तो, आणि आईला फोन करायची हिंमत तिच्यात नव्हती. "सार्जंट," ती म्हणाली, "मला ते घड्याळ पाच मिनिटं द्या. तुमच्यासमोर. आणि त्या माणसाला काकांच्या घरी बोलवा."

बुधवारी दुपारी चंद्रहास संग्रहाची यादी करायला हजर झाला. तामातीनं त्याला रबरी हातमोजे दिले आणि ट्रे पुढे सरकवला.

"हेच का ते?"

"हेच. नंबर एक." त्यानं घड्याळ उचललं. डायलकडे बघताच कपाळाला आठी पडली. "मागे आहे. कुणी लावलंय असं?"

बोलता बोलता त्याच्या डाव्या अंगठ्यानं पाठ न बघताच कळ दाबली. उजव्या हातानं चावी ओढली. काटे पुढे सरकले, सेकंदाला सेकंद जुळला.

"हातात कधी घेतलं नव्हतंत ना?" धम्मदीनानं विचारलं.

चंद्रहासनं कोपर तामातीच्या नाकावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज आला. पुढच्या क्षणी त्याचा पंजा धम्मदीनाच्या गळ्यावर होता आणि तिची पाठ कपाटावर. काच फुटून तिच्या खांद्यात घुसली. डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसरा हातही त्यानं लावला असता तर ती मेलीच असती. पण त्या मुठीत घड्याळ होतं, आणि ते त्यानं छातीशी जपून धरलं होतं.

रक्ताळलेल्या तामातीनं त्याला मागून खाली आपटलं. बाही वर गेली. डाव्या मनगटावर चार लांब ओरखडे होते.

"वायरी ओढणाऱ्या पोराला देणार होता!" जमिनीला गाल टेकलेला चंद्रहास ओरडत होता. "नको म्हणणाऱ्याला! त्याच्या हातात शोभतं का ते?"

धम्मदीना तिथेच खाली बसली. सत्तर वर्षांपूर्वीचा दगड अजून कुणाच्या तरी हातात होता. तिला रडू आलं आणि ते तिनं थांबवलं नाही.

मग बसक्या आवाजात तिनं सगळं सांगितलं. "शनिवारी मैत्रेय गेल्यावर हे आले. काकांनी सांगितलं असणार, पोरगा नाही म्हणाला तरी देईन त्यालाच. यांनी बत्ता उचलला. काकांनी नखं रोवली, म्हणून यांचं स्वतःचं घड्याळ डाव्यावरून उजव्या हातात गेलं. टॉलिव्हर रात्रभर यांच्याकडे होतं. कळ तेव्हाच सापडली असणार. पण नंबर एक जगात एकच. ठेवलं तर फास, म्हणून रविवारी ते मैत्रेयच्या उघड्या पेटीत टाकलं."

"आणि वेळ?" तामातीनं नाकावरचा रुमाल बाजूला केला.

"घरातली एकोणीस मागे होती, म्हणजे काका रविवार बघायला उरले नाहीत. विसावं मात्र बरोबर होतं. रविवारी ते कुणीतरी पुढे केलं होतं. चोराला काय पडलीय? आणि मैत्रेयला ती कळ माहीतच नाही. वेळ चुकलेलं घड्याळ ज्याला बघवत नाही, असाच माणूस हे करणार. मला स्वतःला बघवत नाही, म्हणून कळलं, आणि म्हणूनच तुमच्यासमोर ते मुद्दाम मागे लावून ठेवलं."

जमिनीवरून चंद्रहासनं विचारलं, "काचेवर चरा नाही ना पडला?"

नखांखालची कातडी प्रयोगशाळेत चंद्रहासचीच ठरली. शुक्रवारी मैत्रेय सुटला. ताईच्या गळ्यावरचे काळेनिळे वळ त्यानं बघितले. गाडी त्यानं थेट माउंट रॉस्किलला काकांच्या घरी वळवली.

फुटक्या कपाटासमोर तो उभा राहिला. चावीची घड्याळं केव्हाच बंद पडली होती, बॅटरीची अजून एक तास मागे चालत होती.

"ही पुढे कशी करायची, ताई? शो मी."

तिनं एकेक उचलून त्याच्या हातात दिलं. त्याची जाड बोटं पहिल्यांदा अडखळली, मग सरावली. एकोणीस झाली, तेव्हा त्यानं रिकाम्या खणावर हात ठेवला.

"काकांना मी नको म्हणालो. लास्ट थिंग आय सेड."

"माहीत आहे रे."

"पोलीस ते परत देतील ना?"

"खटला संपला की."

"मग त्याची ती कळ मला दाखव," मैत्रेय म्हणाला. "मी घालणार आहे."