पांढरीचं टेकाड

मोनिका पत्र्याच्या शेडमध्ये खापरांची चित्रं काढत बसली होती, तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली.

"खोदकाम हेच का?" हेल्मेट काढत तरुणानं विचारलं.

"हेच. पण माणसं गेली सगळी. मी एकटीच आहे."

देवळाली प्रवराच्या पुढं, उसाच्या रानांमधलं ते पांढरीचं टेकाड म्हणजे मातीखाली गेलेलं जुनं गाव. हंगाम संपला, तंबू उठले, चित्रं पुरी करायला मोनिका तेवढी उरली. शेडमध्ये दिवसदिवस तोंडातून शब्द निघायचा नाही.

तो चेतन. मूळचा मिरजगावचा, पण आता कोकणात, गाळाखाली गेलेल्या एका प्राचीन बंदरावर खोदकाम करणारा. तिकडे सापडलेले परदेशी रांजणांचे तुकडे इथल्या तुकड्यांशी ताडून बघायला आला होता. त्यानं तळहातावर दोन खापरं शेजारी ठेवली. तोच रंग, तीच चमक...

"बंदरात उतरलेला माल घाट चढून तुमच्याकडं आला बघा."

"फार लांबून आला की!"

"मी बी," तो हसला.

मग तो रोज येऊ लागला. मोनिकाची चित्रं केव्हाच पुरी झाली, तरी तीही येत राहिली.

"कसं आहे रे तुझं बंदर?" एकदा तिनं विचारलं.

"धक्क्याची भिंत तेवढी उरलीय. भरतीचं पानी अजून येतं तिथवर... जहाज येत न्हाई." त्यानं हातातलं खापर खाली ठेवलं. "संध्याकाळी लई सुनं वाटतं."

पुऱ्या झालेल्या चित्रावर उगाच फिरणारी तिची पेन्सिल थांबली.

जायच्या दिवशी तो गाडीला किल्लीच लावेना.

"तिकडं चित्रं काढायला मानूस पायजे. येशील?"

"फक्त चित्रं काढायला?"

"न्हाई..." त्याचे कान लाल झाले. "मला तू पायजेस."

उसाची पाती सळसळली. तिचे डोळे भरून आले. पण घरी आई होती — वडिलांमागे एकटी, डोळ्यांनी अधू.

"आईला टाकून नाही रे येता येणार. पण चेतन... माझं काम कधीच संपलंय. मी तुझ्यासाठी येत होते इथं."

त्यानं गाडी सुरू केली. मग बंद केली.

"सुट्टी मिळंल तवा येतो. रस्ता लई लांबचा हाय, मोनिका."

'कशाला उगाच त्रास' — हे तिच्या ओठांवर आलंच होतं. आजवर सगळ्यांना ती तेच म्हणत आली होती.

"ये," ती म्हणाली.