बोका आणि निळ्या-पांढऱ्या बशा

लिफ्ट मध्येच अडकली, तेव्हा तिच्या कवेत निळी-पांढरी फुलदाणी होती आणि त्याच्या टोपलीत एक कानतुटका बोका.

बोका गुरगुरला. ती कोपऱ्यात सरकली.

"घाबरू नका, चावत नाही तो."

"मी स्वतःसाठी नाही घाबरत... हिच्यासाठी घाबरतेय!"

तो गालातल्या गालात हसला. "मग तुम्ही हिला सांभाळा, मी याला सांभाळतो."

लिफ्ट सुरू होईपर्यंत तिला कळलं, की तो जनावरांचा डॉक्टर आहे आणि खालच्याच मजल्यावर राहायला आलाय. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि जुन्या बाजारातून निळं-पांढरं चिनी मातीचं सामान शोधून आणायची. भिंतीभर बशा, खिडकीत बरण्या, कपाटात किटल्या. सगळं तळहाताच्या फोडासारखं जपलेलं. पाहुणा आला, की तिचं सगळं लक्ष त्याच्या कोपरांवर!

तो पहिल्यांदा चहाला आला, तेव्हा हात मांडीवर घट्ट धरून बसला.

"असे हात बांधून का बसलात?"

"मी कुठे बांधलेत? तुमच्या नजरेने बांधलेत."

ती लाजली... आणि तरीही कप त्याच्यापासून जरा लांबच ठेवला.

फोनवर मावशीने विचारलंच, "गुरांचा डॉक्टर? म्हणजे जनावरांतला माणूस म्हण की!"

"नुसता शेजारी आहे गं."

"मांजर डोळे मिटून दूध पितं बाई. जग बघत असतं."

एका सकाळी तो टोपली घेऊन दारात उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"आईला दवाखान्यात नेलंय. हृदयाचं ऑपरेशन आहे. गावाला निघालोय... याला जरा—" त्याची नजर तिच्या मागच्या भिंतीवर गेली. "नको. राहू द्या. बघतो दुसरीकडे."

तो वळलासुद्धा. तिने पुढे होऊन टोपलीची कडी धरली.

"थांबा... ठेवा त्याला इथेच."

तो गेला आणि बोक्याने कपाटावर उडी मारली. खळ्ळकन आवाज झाला. तिची सर्वांत लाडकी बशी! तुकडे गोळा करताना तिला वाटलं, आता रडू येणार. पण मनात आलं ते भलतंच — हा पोहोचला असेल का?

फोन लागेना. संध्याकाळीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. दुकानात तिने एका आजोबांना उलटाच तक्ता वाचायला दिला. घरी बोका खाईना. दारापाशी बसून केविलवाणा ओरडे. शेवटी ती एकेक बशी उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळू लागली. तेवढाच हातांना उद्योग. भिंती उघड्या पडल्या, तरी मनाला स्वस्थता नाही ती नाहीच.

मग एकदाची बेल वाजली. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले — तोच.

"आई?"

"बरी आहे. आज दोन घास खाल्ले. तिथे फोनच लागत नव्हता... तुमच्याबद्दल विचारत होती."

"माझ्याबद्दल? त्यांना काय माहीत?"

"तिच्या उशाशी बसून दुसरं काय बोलणार होतो मी?" तो आत आला आणि थबकला. "हे काय... चोरी झाली?"

"नाही. सगळं खोक्यांत भरून पलंगाखाली ठेवलंय."

"बोक्यामुळे? कोंडायचं ना त्याला!"

"तो आधीच रडत होता. आणि मीही काही..." ती बोक्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

त्याने बोक्याला उचललं. "नेतो याला. उद्या मिळून सगळं परत लावू."

"नका नेऊ."

"कुणाला थांबवताय? याला... की मला?"

"त्याला तर नकाच नेऊ. आणि तुम्ही... तुम्हीही जाऊ नका."

बोलून गेली आणि मग वाटलं... हा हसला तर? की नुसताच गप्प राहिला तर?

त्याने बोक्याला खाली सोडलं. दोन्ही हातांच्या ओंजळीत तिचा हात घेतला — इतका हळुवार, इतका जपून, की तिचाच जीव गुदमरला.

"घट्ट धरा ना," ती म्हणाली, "मी काही फुटणार नाही."

आणि त्याच क्षणी तिला रडू फुटलं.