हशाची जागा

विनोदी नट लटपटचे शेवटचे आठ लघुपट वाईट आहेत, हे आधीच सांगून टाकते. त्याच्या भक्तांनी उगाच अंगावर येऊ नये. ऐन तिशीत हा माणूस शिडीवरून असा काही पडायचा की बघणाऱ्याच्या डोळ्यांत हसून पाणी यायचं. पन्नाशीनंतर गुडघे गेले, अंग सुटलं आणि टायमिंगही गेलं. या आठांवर तेव्हाच्या समीक्षकांनी नाकं मुरडली, त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मी चित्रपटांच्या संग्रहालयात जुन्या फिल्म दुरुस्त करते. बत्तीस वर्षं, तळघरातल्या एकाच टेबलावर. जुनी फिल्म कुजायला लागली की तिला व्हिनेगरसारखा वास येतो. तो वास मला हल्ली घरी गेल्यावरच जाणवतो, स्वतःच्या केसांना.

या लघुपटांची प्रत्येकी एकच प्रिंट उरली होती. रविवारी दुपारी चारला आमच्या सभागृहात ते दाखवायचे होते. ते कळल्यापासून लटपटची मुलगी रोज तीनच्या ठोक्याला येऊन माझ्याशेजारी स्टुलावर बसायची. वय शहात्तर, पाठ ताठ, मांडीवर पर्स. मी त्यांना मावशी म्हणायचे.

पहिल्याच लघुपटात लटपट शिडीवरून पडला आणि लगेच उठून चालू लागला. पुढे त्याने नुसती छत्री मिटली आणि उजवीकडे बघत अकरा सेकंद उभा राहिला. छत्री मिटण्यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

"हे असे मध्येच का थांबतात?" मी विचारलं.

"हशाची जागा ती," मावशी म्हणाल्या. "लोक हसत असताना पुढचं वाक्य वाया जाऊ नये म्हणून. चांगल्या दिवसांत सिनेमा आधी पन्नासेक लोकांना दाखवायचे. एक जण घड्याळ लावून हशा मोजायचा. जेवढा हशा, तेवढं थांबायचं."

"मग हा कोणी मोजला?"

"शेवटी शेवटी बघायला कोण येत होतं? बाबा घरूनच आकडे लिहून न्यायचे, चिठ्ठीवर. म्हणायचे, 'मी नीट मोजलंय.'"

मी वहीत लिहून ठेवलं. छत्री, अकरा सेकंद. बूट शोधणं, सहा. भिंतीवरचं घड्याळ बघणं, नऊ. सगळ्या जागा चुकीच्या.

आठव्या लघुपटात तर कमालच होती. लटपट एका बंद दाराच्या पायरीवर बसतो, समोर बघतो आणि बसूनच राहतो. पूर्ण चाळीस सेकंद. मग उठतो, टोपी झटकतो आणि पाठ करून रस्त्याने निघून जातो.

ते बघताना मावशींनी पर्सचा बंद घट्ट धरला.

"मी तिथेच होते. कॅमेऱ्याच्या शेजारी," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांची. ते पडले की मला वाटायचं, खरंच लागलं. जग हसायचं आणि मी रडायची. हे शेवटचे आठ त्यांनी माझ्यासाठी केले. प्रत्येक वेळी विचारायचे, 'आलं का गं हसू?' मी मान हलवायची. नाही."

"आणि आता?"

"आता एकदा त्यांच्यासमोर हसायचंय मला. सगळ्यांच्या देखत. पुन्हा कोण लावणार आहे हे?"

शुक्रवारी साहेब खाली आले. थांबे काढून टाका म्हणाले, लोक जांभया देतील. प्रिंट जुनी आहे, जोड जितके कमी तितकं बरं, असं मी सांगितलं. शेवटी एकट्या चाळीस सेकंदांवर तडजोड झाली. खरं सांगायचं तर मलाही ते कंटाळवाणं वाटत होतं. मी चार सेकंद ठेवले आणि छत्तीस कापले. तो तुकडा गुंडाळून डब्यात ठेवला. मावशींना काही बोलले नाही.

रविवारी सभागृह निम्मं भरलं होतं. मावशी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मी सवयीने घड्याळ हातात घेऊन भिंतीला टेकले.

शिडीवरून पडणं झालं. कोणी हसलं नाही. लटपटने छत्री मिटली, आणि नेमक्या त्याच क्षणी उजव्या दाराने उशिरा आलेला एक जाडजूड माणूस पायरीला अडखळून कोणाच्या तरी मांडीवर बसला. सभागृह फुटलं. पडद्यावरचा लटपट उजवीकडे बघत उभा होता. हशा ओसरला तसा तो चालू लागला.

घड्याळात अकरा सेकंद झाले होते.

योगायोग, असं मी म्हटलं. बुटाच्या वेळी कोणीतरी जोरात शिंकलं आणि स्वतःच "माफ करा" म्हणालं. सहा सेकंद. भिंतीवरच्या घड्याळाच्या वेळी मागच्या रांगेतल्या आजोबांनी घोरायला सुरुवात केली. नऊ.

पाचव्या लघुपटानंतर मी मोजणं बंद केलं.

त्याने हे सभागृह मोजलं होतं. पासष्ट वर्षं आधी, घरी बसून.

आणि मग मला आठवा लघुपट आठवला. प्रोजेक्टरच्या खोलीकडे धावले, पण रीळ सुरू झालं होतं. थांबवून तरी काय करणार होते? तुकडा तळघरात होता.

लटपट पायरीवर बसला. समोर बघितलं.

तिसऱ्या रांगेतून हसू आलं. एकटं, खणखणीत, शाळेतल्या मुलीचं असावं तसं.

चार सेकंद.

लटपट उठला. टोपी झटकली आणि पाठ करून चालू लागला.

मावशी हसतच होत्या. दिवे लागले तरी थांबता येत नव्हतं त्यांना. मग थांबल्या. माझ्याकडे वळून बघितलं.

"ऐकलंच नाही त्यांनी," त्या म्हणाल्या. "असे कसे गेले? ते थांबायचे."

मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उद्या जोडून ठेवते," मी म्हणाले. "तीनला या. आपण दोघीच बघू."

सोमवारी सकाळी मी तुकडा जागेवर जोडला. आठशे चौसष्ट चौकटी, एकही कमी नाही. मग टेबलावर चालवून बघितला. पुन्हा बघितला. भिंग लावून एकेक चौकट तपासली. डबा माझाच, चिठ्ठीवर अक्षर माझंच.

तीनला मावशी आल्या. त्यांना थांबवायला हवं होतं, पण काय सांगून थांबवणार?

लटपट पायरीवर बसला. चार सेकंदांनी माझा जोड टेबलावरून टिक करून गेला. त्यापुढे छत्तीस सेकंद पायरी रिकामी होती.

मावशी टेबलावरच्या छोट्या पडद्याजवळ वाकल्या.

"पायरीमागचं दार उघडं ठेवलंय त्यांनी," त्या म्हणाल्या, आणि पर्स उचलून उभ्या राहिल्या.