सावलीसावलीने

"पाकीट द्या," तो म्हणाला.

"नाही देणार," मी म्हणाले.

हॉस्पिटलच्या तपासणी विभागाची खिडकी. माझ्या हातात जाड पाकीट, पाकिटात मेणाचा चपटा ठोकळा, आणि त्या मेणात माझ्या गाठीचा नखाएवढा तुकडा. तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या लॅबमध्ये जायचा होता. तिथे त्याचे जीन्स तपासणार, माझा कॅन्सर नेमका कशावर पोसतोय ते शोधणार, आणि खास त्यावरच चालणारं औषध आहे का ते सांगणार. आतापर्यंत मला मिळालं ते सरसकट सगळ्यांना देतात तेच. मी शिवणकाम करते. तयार कपडा आणि मापाचा कपडा यांतला फरक मला कुणी समजवायला नको होता.

"अहो, कुरियरवाला आहे मी. चोर नाही."

"हा तुकडा हरवला तर पुन्हा अंगातून कापून काढावा लागेल. तुमच्या नाही, माझ्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोक्याला बांधलेला रुमाल पाहून लोकांचा चेहरा 'अरेरे' होतो. त्याचा झाला नाही. तो माझ्या कॉलरकडे बघत होता. कामावरून तशीच आले होते, कॉलरला टाचण्यांची रांग.

"टाचणी लागेल," तो म्हणाला.

"मला सवय आहे."

"मला लागेल म्हणतोय. इतक्या जवळ येऊन भांडताय..."

मी मागे सरकले. आणि मेलं हसू आवरेना!

"मेण आहे ना? मग उन्हातून नाही नेत. सावलीसावलीने जातो. भरवसा नसेल तर या मागे मागे."

तो गंमत करत होता. मी खरंच गेले.

पुढे त्याची मोटरसायकल, मागे माझी स्कूटर. झाडं असतील ती बाजू, इमारतींची सावली पडली असेल ती गल्ली. सिग्नलला तर रांग सोडून एका दुकानाच्या छपराखाली जाऊन थांबला. दिवा हिरवा झाला, रांगेतले हॉर्न बडवत होते, हा आपला निवांत.

लॅबच्या दारात म्हणाला, "पोचला तुमचा पाहुणा."

"दोनदा हात न दाखवता वळलात."

"घरीही असंच धारेवर धरता सगळ्यांना?"

"घरी सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. कुणीतरी निजलं असल्यासारखं."

"असं?" त्याने आवाज चढवला. "मग मी मोठ्याने बोलत जाईन!"

वॉचमन दचकला.

पुढच्या आठवड्यात तो आमच्या शिवणाच्या खोलीत हजर. जॅकेटची चेन बिघडली होती म्हणे. मग खिसा उसवला. मग शर्टाचं बटण. मी दोरा उजेडात धरला.

"हे तुटलेलं नाही. कात्रीने कापलंय."

"...असेल."

"कशाला?"

"चांगल्या शर्टाचं तुम्ही काय केलं असतं?"

वहिनी काजं करत होती. तिला एकाएकी खोकला आला. "फारच नाजूक हो कपडे यांचे!" म्हणाली, आणि चहा ठेवायला पळाली.

मला आवडत होता तो. म्हणूनच राग येत होता. याआधी एकाशी लग्न ठरलं होतं माझं. पहिला रिपोर्ट आला, त्याने तो वाचला, आणि आईच्या तब्येतीचं काहीबाही सांगून पसार झाला. निदान खोटं तरी नीट शिवावं माणसाने! शिवण सगळी बाहेर दिसत होती.

लॅबचा रिपोर्ट आला त्या दिवशी तो डॉक्टरांच्या बाहेरच्या हॉलमध्ये माझ्या शेजारी बसला होता. नंबर यायचा होता.

"तुला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण," मी म्हणाले. 'तू' कधी झाला, मलाच कळलं नाही.

"आत्ता? इथे?"

"आत जाऊन आल्यावर बोललास तर ऐकणार नाही. औषध सापडलं तर वाटेल, धोका टळला म्हणून बोलतोय. नाही सापडलं तर वाटेल, कीव आली. मला दोन्ही नको."

तो हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला.

"मला... सावलीने जायची सवयच लागलीय. गाडीवरचा कुरियरचा डबा रिकामा असला तरी. आणि सारखा आरशात बघतो — मागे स्कूटर आहे का." घसा खाकरला. "आवडतेस तू मला. टाचण्यांसकट."

"ऐकू नाही आलं. मोठ्याने बोलणार होतास ना?"

"आवडतेस तू मला!"

अख्खा हॉल वळून बघायला लागला. समोरचे आजोबा म्हणाले, "आम्हाला आलं बरं का ऐकू."

तेवढ्यात माझा पुकारा झाला.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. जे बदल सापडले, त्यांच्यावर आज तरी नेमकं औषध नाही. नेहमीचंच चालू ठेवायचं. त्याने गाठ वाढायची थांबली आहे, हे काही कमी नाही. मला झेपेल तसा डोस कमी-जास्त करू. नवी औषधं आली की हाच रिपोर्ट पुन्हा काढून बघू.

बाहेर तो उभाच होता.

"नाही?" त्याने विचारलं. हळू आवाजात नाही, नेहमीच्या.

"नाही. मापाचं नाही मिळालं. तयार कपड्यावरच भागवायचं."

"मग?"

"मग काय? इथे उसवायचं, तिथे आत घ्यायचं, आणि अंगावर बसवायचा. आयुष्यभर दुसरं काय केलंय मी?"

माझा आवाज थरथरला. थरथरू दिला. त्याने हात पुढे केला. त्यात कीव आहे का, हे मला उजेडात धरून बघायची गरज नव्हती. तो हात मघाशीच माझा झाला होता.

स्कूटर तिथेच ठेवली. त्याच्या मागे बसले.

"सावलीने नेऊ?"

"उन्हातून ने," मी म्हणाले. "मी काय मेणाची आहे?"